गोखल्यांची माफी

मंडळी, आपल्या गावातलीच गोष्ट समजा. चावडीपुढे सभा भरली आहे. तालुक्याचे अंमलदार खुर्चीवर बसले आहेत. तुम्ही उठून उभे राहता आणि सांगता, "साहेब, बंधाऱ्याच्या कामावर मजुरांना पुरी मजुरी मिळत नाही." अंमलदार विचारतात, "तुम्ही स्वतः पाहिले?" तुम्ही म्हणता, "मी पाहिले नाही, पण मला खात्रीच्या माणसाने सांगितले." लगेच पुढचा प्रश्न येतो, "कोणी सांगितले? नाव घ्या." तुमची नजर नकळत सभेत मागे बसलेल्या एका माणसाकडे जाते. तो मान खाली घालून बसला आहे. त्याचे पोट त्याच कामावर आहे. तुम्ही नाव घेतले तर उद्या त्याच्या घरी चूल पेटायची नाही. नाव घेतले नाही तर तुम्ही खोटे ठरता. आता काय कराल?

प्रश्न साधा दिसतो, पण अंगावर आला म्हणजे भल्याभल्यांचे पाय लटपटतात. एका बाजूला ज्याने विश्वासाने सांगितले त्याच्याशी इमान, दुसऱ्या बाजूला आपल्या शब्दाशी इमान. दोन्ही इमाने चांगली, आणि दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. हा पेच १८९७ साली महाराष्ट्रातल्या एका एकतीस वर्षांच्या तरुणावर आला होता. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. पुढे देशाच्या मोठ्या कायदेमंडळात गाजलेले, गांधीजींनी ज्यांना आपले राजकीय गुरू म्हटले, तेच हे गोखले. पण आज आपण त्या मोठ्या गोखल्यांकडे जरा उशिराने जाऊ. आधी तरुण गोपाळरावांना भेटू.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, कोतळूक या गावी झाला. वडील कागल संस्थानात लहानशा नोकरीवर. मुलगा तेरा वर्षांचा झाला आणि वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडले आणि पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. घरात राहिले सात. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गात अशी मुले आजही असतात. मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या पोराच्या वहीमागे कुणाचे तरी मोडलेले शिक्षण असते. गोपाळरावांना त्या आठ रुपयांचा विसर कधी पडला नाही.

१८८४ साली ते बी. ए. झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीची दारे उघडी होती. वकिलीचा मार्ग तर सोन्याचाच होता. पण ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक झाले, आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. म्हणजे मंडळी, हा माणूस पिंडाने मास्तर.

पुण्यात त्यांना गुरू भेटले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. रानड्यांच्या हाताखाली काम करणे म्हणजे दगड फोडण्यासारखे होते. सरकारला अर्ज लिहायचा, तर आधी सरकारचेच अहवाल वाचायचे. सारा किती, मिठावरचा कर किती, लष्कराचा खर्च किती, सगळे आकडे ताडून पाहायचे. एक शब्द जास्त लिहायचा नाही, एक आकडा चुकायचा नाही. गोपाळराव सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, सभेच्या त्रैमासिकाचे काम पाहू लागले. १८९५ साली सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाकडे गेली, तेव्हा रानड्यांनी १८९६ साली डेक्कन सभा काढली आणि तिचे चिटणीसपणही गोपाळरावांकडेच आले. रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश. सरकारी जागेवर बसलेल्या माणसाला उघड राजकारणात उतरता येत नसे. त्यामुळे गुरूच्या मनातले विचार लोकांपुढे आणि सरकारपुढे मांडायचे ते शिष्याने. रानड्यांचा उजवा हात म्हणून पुण्यात गोखल्यांना ओळखीत.

अशा माणसाला १८९७ च्या मार्च महिन्यात विलायतेस जाण्याची संधी आली. हिंदुस्थानच्या कारभाराचा खर्च तपासण्यासाठी विलायत सरकारने लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले होते. त्यापुढे साक्ष देण्यासाठी मुंबईचे दिनशा वाच्छा, बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, मद्रासचे सुब्रह्मण्य अय्यर आणि पुण्याचे गोखले असे चौघे गेले. चौघांत वयाने लहान गोपाळराव. जाताना फ्रान्समधल्या काले या बंदरी ते पडले आणि छातीला मोठा मार बसला. तसे असूनही एप्रिलमध्ये ते कमिशनपुढे उभे राहिले. मुरलेल्या इंग्रज अंमलदारांनी उलटसुलट प्रश्न विचारले, पण हा तरुण हटला नाही, कारण त्याच्या प्रत्येक वाक्याखाली आकडा होता. हिंदुस्थानचा पैसा कुठे जातो आणि रयत गरीब का राहते, हे त्याने सरकारच्याच कागदांवरून दाखवून दिले. हिंदी पुढारी खूश झाले. पुण्याहून आलेल्या मास्तराने नाव काढले, असे सगळे म्हणू लागले.

हे ध्यानात ठेवा. एप्रिलमध्ये ज्याचा एकही आकडा कुणाला खोडता आला नाही, तोच माणूस जुलैत एका ऐकीव गोष्टीपायी अडचणीत आला.

आता जरा पुण्याकडे वळू. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. घरोघर उंदीर मरून पडू लागले. त्यामागून माणसांना काखेत आणि जांघेत गाठी येऊ लागल्या. ताप चढला की माणूस दोनचार दिवसांत जाई. लोक गावोगाव पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही पळाला. १८९७ च्या आरंभी त्याने पुणे गाठले. पिसूमुळे हा रोग माणसाला होतो, हे तेव्हा डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हते. सरकारने फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला, आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड नावाच्या अंमलदाराच्या हाती प्लेग कमिटीचा कारभार दिला.

मार्चच्या मध्यापासून सुमारे दोन महिने पुण्यात घरझडतीचे सत्र चालले. त्यासाठी गोरे सोल्जर लावले. मंडळी, घरात रोगी लपवून ठेवला तर रोग पसरतो, ही गोष्ट खरी. पण खरी गोष्ट करायची रीतही असते. आपली भाषा न जाणणारे, आपल्या चालीरीती न जाणणारे शिपाई माजघरात शिरत, देवघरात शिरत, स्वयंपाकघरात शिरत. आजाऱ्याला उचलून इस्पितळात नेत, बाकीच्यांना वेगळ्या छावणीत धाडीत. घरातले सामान बाहेर काढून जाळीत, जमीन खणीत. बायाबापड्यांना परक्या पुरुषांसमोर उभे राहावे लागे. पुण्यातल्या वर्तमानपत्रांत तक्रारींचा पाऊस पडला. पंडिता रमाबाईंसारख्या बाईंनीही स्त्रियांच्या हालांबद्दल जाहीरपणे लिहिले. टिळक त्या दिवसांत पुण्यातच राहिले. रोग्यांसाठी इस्पितळ उघडण्याच्या कामी त्यांनी हात दिला आणि 'केसरी'तून सरकारच्या दांडगाईवर टीका केली. तक्रारी कानांवर गेल्या, पण त्यांची दाद लागेना.

हे सारे चालले असता गोपाळराव विलायतेत होते. दर आठवड्याच्या टपालाने त्यांना पुण्याची पत्रे जात. पत्रे लिहिणारे कोणी उडाणटप्पू नव्हते. ते त्यांच्या विश्वासातले, जबाबदार स्नेही होते. शिपायांनी केलेल्या जुलमाची हकीकत त्या पत्रांत असे. एका गोष्टीने मात्र गोपाळरावांच्या काळजाला हात घातला. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने पुढे जीव दिला, असे त्यांना कळवण्यात आले होते.

त्यातच २२ जून १८९७ ची रात्र आली. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर समारंभ होता. तिथून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैस मेला. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी सगळ्या पुण्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पुणेकर म्हणजे राजद्रोही, असा एकच गिल्ला झाला.

गोपाळरावांना हे सहन झाले नाही. खुनाचे समर्थन ते करीत नव्हते. पण लोक एवढे का चिडले, हे विलायतेच्या लोकांना कळले पाहिजे, असे त्यांना वाटले. त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन' या पत्राला मुलाखत दिली. पार्लमेंटच्या काही सभासदांपुढेही ते बोलले. आणि बोलता बोलता त्या दोन स्त्रियांची गोष्ट त्यांनी सांगितली.

ठिणगी पडली. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. भारतमंत्र्यांनी मुंबई सरकारकडे विचारणा केली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी उलट तारेने कळवले की, हा आरोप साफ खोटा असून द्वेषाने रचलेला आहे. आता सगळीकडून एकच मागणी सुरू झाली: आरोप सिद्ध करा. नावे सांगा. कोणत्या बाया, कोणते घर, कोणते शिपाई? आणि तुम्हाला हे कळवले कोणी?

जुलैमध्ये गोपाळराव बोटीने परत निघाले. तेव्हा विलायतेहून मुंबईस यायला दोन आठवडे लागत. हे दोन आठवडे त्यांनी कसे काढले असतील, याचा विचार करून पाहा. खाली समुद्र, वर आभाळ आणि मनात एकच प्रश्न. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करू नयेत, अशी मित्रांची विनवणी त्यांना प्रवासातच पोचली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा स्वागताला हार घेतलेली माणसे नव्हती. मुंबईचे पोलीस कमिशनर व्हिन्सेंट बोटीवर चढून आले होते. त्यांना नावे हवी होती.

मुंबई-पुण्याची हवा त्या दिवसांत कशी होती, तेही सांगायला हवे. गोपाळराव उतरण्याच्या आधी दोनचार दिवसच, २७ जुलैला, राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना पकडले होते. पुण्याच्या नातू बंधूंना तर खटला न चालवताच सरकारने स्थानबद्ध केले होते. पुणेकरांच्या खर्चाने शहरावर जादा पोलीस बसवले होते. अशा वेळी ज्या मित्राचे नाव गोपाळरावांच्या तोंडून बाहेर पडेल, त्याच्या दारात पोलीस उभे राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आता त्यांच्यापुढे वाटा किती होत्या, त्या मोजून पाहू.

पहिली वाट सोपी. मित्रांची नावे सांगायची. "मी ऐकले ते सांगितले, बाकीचे यांना विचारा," म्हणून आपण मोकळे व्हायचे. त्यात त्यांच्यावरचा ठपका निम्मा तरी कमी झाला असता. पण भरवशाने लिहिलेले पत्र पोलिसाच्या हाती देणे म्हणजे विश्वासघात. ही वाट त्यांनी धरली नाही.

दुसरी वाट होती हट्टाची. "मी म्हणतो ते खरेच आहे, जा, काय करायचे ते करा." लोकांना ही वाट आवडली असती, टाळ्याही पडल्या असत्या. पण मुंबईस उतरल्यावर आणि पुण्याच्या मित्रांशी बोलल्यावर त्यांना दिसून आले की, पुढे येऊन साक्ष देणारा एकही माणूस उभा राहत नाही. कोण कशाला उभा राहील? भय एक आणि अब्रू दुसरी. ज्या घरातल्या लेकीसुनेवर असा प्रसंग आला असेल, ते घर तो प्रसंग कोर्टात सांगेल का? शंभर वर्षांपूर्वीचे सोडा, आजही किती घरे सांगतात? तेव्हा गोष्ट खोटी होती असे कुणी म्हणू शकत नव्हते, आणि ती खरी असल्याचे सिद्ध करणेही शक्य नव्हते.

तिसरी वाट गप्प बसण्याची. काही दिवस कुठे तरी बाजूला जावे, वर्तमानपत्रे आपोआप विसरतात. पण मग विलायतेतल्या ज्या स्नेह्यांनी त्यांच्या शब्दावर विसंबून पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू घेतली होती, ते तोंडघशी पडले असते. उद्या दुष्काळाबद्दल, साऱ्याबद्दल कुणी हिंदी माणूस बोलू लागला, तर त्याला ऐकवले गेले असते, "तुमच्या बोलण्याचा काय भरवसा?"

आणि गुरूचाही विचार होता. शिष्य खोटा ठरला तर बोट रानड्यांकडेही दाखवले जाणार. शिष्य शिक्षेस पात्र झाला तर हायकोर्टाच्या न्यायाधीशालाही त्याची झळ लागणार. पण नुसत्या सोयीपेक्षाही मोठी गोष्ट होती ती गुरूच्या शिकवणीची. पुरावा नसेल तर लिहू नये, हा रानड्यांचा धडा. तो धडा शिष्याने ऐन रागाच्या घटकेला बाजूला ठेवला होता. चूक इथे झाली होती, आणि ती गोपाळरावांना स्वतःला कळली होती.

त्यांनी चौथी वाट धरली. सगळी जबाबदारी आपल्या एकट्याच्या शिरावर घेतली. कुणाचेही नाव घेतले नाही. आणि ऑगस्टच्या आरंभी वर्तमानपत्रांत जाहीर माफी प्रसिद्ध केली. आपण केलेला आरोप सिद्ध करू शकत नाही, म्हणून तो मागे घेतो, असे त्यांनी लिहिले. गव्हर्नरची माफी मागितली, प्लेग कमिटीच्या सभासदांची मागितली, आणि प्लेगच्या कामावर असलेल्या सोल्जरांचीही मागितली. त्यात जर-तर ठेवले नाही, आडपडदा ठेवला नाही.

मंडळी, ही माफी त्यांना किती महाग पडली, ते ऐका. सरकारपक्षाचे लोक म्हणाले, "पाहा, खोटे बोलला आणि नाक घासले." आपल्या बाजूचे लोक म्हणाले, "भित्रा निघाला. टिळक तिकडे तुरुंगात गेले आणि हा माफी मागून मोकळा झाला." सप्टेंबरात टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, तेव्हा ही तुलना आणखीच बोचू लागली. विशेषतः सोल्जरांची माफी लोकांच्या मनाला फार लागली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या अमरावतीस काँग्रेस भरली. वेल्बी कमिशनपुढे जाऊन ज्याने देशाचे नाव राखले, त्याचे तिथे कौतुक व्हायचे. त्याऐवजी त्यांच्याविरुद्धची नाराजी उघड दिसली आणि मान खाली घालून बसण्याची पाळी गोपाळरावांवर आली. ही जखम त्यांना पुढे कितीतरी वर्षे ठणकत राहिली.

इथे तुम्ही मला एक प्रश्न विचाराल आणि तो विचारलाच पाहिजे. ज्या बायांवर तो प्रसंग आला असेल, त्यांचे काय? गोपाळरावांनी मित्रांना वाचवले, आपला शब्द स्वच्छ केला. पण त्यांच्या माफीने जुलूम करणाऱ्या शिपायांना तर धुतल्या तांदळासारखे करून सोडले ना? हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. "मला सिद्ध करता येत नाही" आणि "असे काही घडलेच नाही" या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. आरोप मागे घेऊन, "पण सरकारने निःपक्षपाती चौकशी करावी," एवढ्यावर त्यांनी थांबायला हवे होते, असे म्हणणारे लोक होते आणि आजही आहेत. त्या माफीत नम्रता गरजेपेक्षा जास्त होती, असे मलाही वाटते. एकतीस वर्षांच्या माणसाने दुखावल्या मनाने लिहिलेला तो कागद आहे, हे विसरू नये.

पण एक गोष्ट ठाम सांगतो. ती माफी भित्र्या माणसाची नव्हती. भित्रा माणूस पहिल्या वाटेने गेला असता. पोलीस कमिशनर समोर उभा असताना मित्रांची नावे सांगून त्याने आपले अंग काढून घेतले असते. गोपाळरावांनी अंग काढले नाही, उलट पुढे केले. मित्रांशी इमान राखायचे म्हणजे त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी म्हणून रेटायची नव्हे. मित्रांवर येणारा घाव आपण झेलायचा, हे ते इमान. आणि शब्दाशी इमान राखायचे म्हणजे आपण कधी चुकतच नाही असे दाखवायचे नव्हे. चुकलो तर ज्या चव्हाट्यावर बोललो त्याच चव्हाट्यावर मागे घ्यायचे. एकीकडे मान राखला तर दुसरीकडे जातो, असा पेच पडला तेव्हा त्यांनी मित्र राखले, शब्द राखला, आणि जाऊ दिला तो स्वतःचा मान.

पुढे काय झाले, ते पाहिले म्हणजे या बोलण्याची साक्ष पटते. प्लेग पुण्यात पुन्हा आला. गोपाळराव स्वयंसेवक होऊन गल्लीबोळांतून हिंडले, घाबरलेल्या लोकांना धीर दिला, झडतीच्या वेळी सोबत राहिले. ज्या गव्हर्नरने त्यांना खोटे ठरवले होते, त्याच लॉर्ड सँडहर्स्टवर पुढे त्यांच्या या कामाची जाहीर वाखाणणी करण्याची वेळ आली. सरकारलाही हळूहळू कळले की, सोल्जर घरात घालून रोग हटत नाही, लोकांची समजूत घालावी लागते. १८९८ नंतर जबरदस्तीचे उपाय सैल होत गेले.

१८९९ साली गोपाळराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून आले. १९०१ साली तिथे जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क त्याच्याकडे ठेवू नये, अशी त्यात योजना होती. सरकार म्हणे, हे सावकारापासून रक्षण. गोपाळराव आणि इतर लोकनियुक्त सभासद म्हणत, ही तर शेतकऱ्याची मालकीच गेली. सरकार ऐकेना, तेव्हा फिरोजशहा मेहता कौन्सिलातून उठून बाहेर पडले, आणि त्यांच्यामागून गोखलेही बाहेर पडले. सरकारला भिऊन माफी मागणारा माणूस चार वर्षांनी गव्हर्नरच्या तोंडावर सभात्याग करील का, याचा विचार तुम्हीच करा.

१९०२ साली ते कलकत्त्याच्या मोठ्या कौन्सिलात गेले आणि पहिल्याच अंदाजपत्रकाच्या वेळी मिठावरच्या करावर त्यांनी हल्ला चढवला. गरिबाच्या भाकरीबरोबर लागणाऱ्या मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. पुढे १९०३ साली तो दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. त्याचे सगळे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. पण त्यांच्या भाषणाला उत्तर देताना सरकारचे अंमलदार कागद चाळीत बसत, हे खरे. एकही आकडा ऐकीव नाही, एकही वाक्य पुराव्यावाचून नाही. १८९७ चा धडा त्यांनी असा आयुष्यभर गिरवला.

आणि शिक्षक मंडळींना आवर्जून सांगायचे ते हे. १९११ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी मोठ्या कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे आवश्यक करावे, आणि तेही एकदम सगळीकडे नव्हे, तर जिथे तयारी असेल तिथे, अशी त्यांची मागणी होती. १९१२ साली ते बिल तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. आठ रुपयांवर शिकलेल्या मुलाने देशातल्या पोरांसाठी मागितलेली शाळा सरकारने नाकारली. पण मागणी मेली नाही. स्वतंत्र भारताने ती आपल्या घटनेत लिहून घेतली, आणि २००९ साली तिचा कायदाही झाला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले पुण्यास वारले. वय अवघे अठ्ठेचाळीस. आयुष्यभर ज्यांच्याशी मतभेद राहिला, ते टिळक सिंहगडावरून खाली उतरून स्मशानात आले, आणि या पुरुषाचा कित्ता गिरवा, अशा अर्थाचे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. एकाने तुरुंग सोसला, दुसऱ्याने हेटाळणी सोसली. महाराष्ट्राच्या पदरात दोन्ही आहेत, हे आपले भाग्य समजावे.

जाता जाता एक गोष्ट. लहान गोपाळाने शाळेत गणित बरोबर सोडवले, गुरुजींनी शाबासकी दिली, आणि तो रडत म्हणाला की, हे उत्तर मी दुसऱ्याच्या मदतीने काढले. क्रमिक पुस्तकांतली ही गोष्ट तुम्ही मुलांना सांगितली असेल. ती तशीच घडली की कुणी मागाहून रचली, यात आपण पडू नये. पण तिच्या जोडीला आता ही १८९७ ची गोष्टही वरच्या वर्गातल्या मुलांना सांगा. ती मात्र खरोखर घडली आहे. सांगून झाल्यावर मुलांना विचारा, "तुम्ही गोपाळरावांच्या जागी असता, तर कोणत्या वाटेने गेला असता?" उत्तर घाईने देऊ नका. पोरांना आपसात भांडू द्या, वाद घालू द्या.

आणि गावच्या मंडळींनो, तुम्ही पंचायतीत बसता, सोसायटीत बसता, कुणाच्या तरी हाताखाली काम करता. पुढाऱ्याचा शब्द, मित्राचा भरवसा आणि आपली जीभ या तिघांची ओढाताण तुमच्याही वाट्याला येणार. बोलण्याआधी पुरावा बघा, हे पहिले. बोलून गेलात आणि पुरावा मिळाला नाही, तर मागे घ्यायला लाजू नका, हे दुसरे. आणि मागे घेताना ज्याने विश्वासाने सांगितले त्याला पुढे ढकलू नका, हे तिसरे. चावडीवर मागे बसलेला तो मान खाली घातलेला माणूस आठवा. तुम्ही त्याचे नाव घेतले नाही, हे गावाला कधी कळणारही नाही. त्याला मात्र कळेल.